योना उठला की आमेन

रविवारी सकाळी पाळकसाहेब कृपादान भिंगारदिवे स्वतःचा चहा थंड होऊ देत, पण योनाच्या दुधात भाकरी कुस्करल्याशिवाय जागचे उठत नसत. आधी भाकरीचा पापुद्रा काढायचा, मग आतला मऊ भाग बोटांनी बारीक करायचा, मग दूध फार ऊन तर नाही ना, हे मनगटावर थेंब टाकून पाहायचं. योना शेजारी गोणपाटावर पडून हा सगळा खटाटोप एका डोळ्याने बघत असे. त्याचे दात पडले होते, कान गेले होते, मागच्या पायांत बळ उरलं नव्हतं. भूक कधी लागायची, कधी लागायलाच विसरायची.

"आपल्या लेकरांच्या दुधात कधी बोट घालून पाहिलं नाही तुम्ही," दीनाबाई चुलीपुढून म्हणाल्या.

"लेकरांना आई होती."

"आणि याला?"

"याला मी आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी दुधात आणखी चिमूटभर साखर टाकली. लढाईच्या दिवसांत साखर रेशनवर होती, म्हणून दीनाबाईंनी तोंड फिरवून घेतलं. म्हणजे पाहिलं नाही असं म्हणता येतं.

खैरवाडी हे नेवाशाच्या अलीकडचं, पाटाच्या कडेचं गाव. गावाच्या एका अंगाला ख्रिस्ती मंडळीचं बैठं, कौलारू देऊळ आणि त्याला लागून पाळकसाहेबांचं घर. योना त्या घरात आला तो पुराच्या पाण्यातून. एका पावसाळ्यात प्रवरा फुगली आणि कडब्याच्या पेंढीवर बसून एक ओलंचिंब पिल्लू वाहत येऊन काठाला लागलं. शास्त्रातला योना संदेष्टाही समुद्रातून असाच कोरड्या जमिनीवर आला होता, म्हणून पाळकसाहेबांनी पिल्लाचं नाव योना ठेवलं. शाळेचे प्रभुदास मास्तर मंडळीचे पंच होते. त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती.

"संदेष्ट्याचं नाव कुत्र्याला?"

"मास्तर, संदेष्टा योना देवाने हाक मारल्यावर उलट्या दिशेला पळाला होता. हा निदान बोलावलं की येतो."

तरुणपणी योना मोठा खादाड होता. रविवारी पाळकसाहेबांकडे सागुती शिजे आणि त्यातलं हाड योनाचं असे. उपासना संपली की हाड, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उपदेश चालू असताना तो व्यासपीठाच्या पायथ्याशी शहाण्यासारखा पडून राही. मग पोटात कावळे ओरडायला लागले की उठे, पुढचे पाय ताणे, मंडळीकडे तोंड करून एक लांबलचक जांभई देई. पाळकसाहेब हातातलं वाक्य असेल तिथेच सोडून 'आमेन' म्हणत, सगळी मंडळी उभी राही आणि शेवटचं गीत सुरू होई.

पहिल्या वेळी लोक हसले. मग त्यांना सवय झाली, आणि पुढे तो मंडळीचा नेमच होऊन बसला. देवळात घड्याळ नव्हतं आणि योना असताना त्याची गरजही नव्हती. देवळाची घंटा वाजवणाऱ्या मालनबाई चुलीवर डाळ ठेवून यायच्या. योना उठायचा आणि घरी डाळ शिजलेली असायची. प्रभुदास मास्तरांच्या कांद्याला पाटाच्या पाण्याची पाळी रविवारी दुपारी असायची; योना उठला की मास्तर फावडं घेऊन वेळेवर बांधावर हजर. नगरची मोटार चालवणाऱ्या गोरक्षचंही तेच. पेट्रोल मिळेना म्हणून त्याच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती. उपासनेला लोक आत गेले की तो भट्टीला वारा घालायला घ्यायचा आणि शेवटचं गीत कानावर आलं की मोटार देवळासमोर आणून उभी करायचा. गोरक्ष नाथपंथी होता. गीताचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण चाल ओळखीची होती.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, खुद्द पाळकसाहेबांच्यासुद्धा. कित्येक वर्षांत त्यांनी उपदेशाचा शेवट असा तयारच केला नव्हता. ते सुरुवात उत्तम करत, मध्य त्याहून उत्तम, आणि शेवट योनावर सोपवून मोकळे होत.

आणि एका रविवारी योना उठला नाही.

त्या दिवशी उपदेश नोहावर होता. पाळकसाहेबांनी तारू बांधलं, जनावरं आत घेतली, पाऊस पाडला, पाऊस थांबवला, कबुतर सोडलं, आकाशात धनुष्य काढलं आणि खाली पाहिलं. योना घोरत होता. पाळकसाहेब पाणी प्यायले आणि नोहाच्या मुलांकडे वळले. तेही संपले, तेव्हा अब्राहामाला घराबाहेर काढलं. अब्राहाम म्हातारा झाला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, नातवाचं लग्न एकदा फसून दुसऱ्यांदा लागलं, तरी योना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळण्यापलीकडे काही करेना. मंडळी आधी पाळकसाहेबांकडे बघत होती, ती आता एकटक योनाकडे बघू लागली. पाळकसाहेबांना घाम फुटला. थांबावं कसं हेच त्यांना आठवेना. नातवाची मुलं धान्य आणायला मिसर देशाच्या वाटेला लागली तेव्हा खिडकीतून करपल्याचा वास आला.

"माजी डाळ!" मालनबाई किंचाळून उठल्या. त्या उठल्या म्हणून सगळेच उठले, आणि उपासना संपली ती अशी.

बाहेर गोरक्षच्या भट्टीतले कोळसे जळून राख झाले होते. "पाळकसायेब, आज काय आख्खं पुस्तक वाचून काढलं का वो?" तो हात झटकत म्हणाला. "आता नवे कोळसे कुटनं आनू?" त्या दिवशी मोटार गेलीच नाही. प्रभुदास मास्तर धावत बांधावर पोचले, तर त्यांची पाळी टळून गेली होती आणि पाटकऱ्याने पाणी पुढच्या शेतात वळवलं होतं. शेत साळूबाईंचं होतं. त्या कमरेवर हात ठेवून आपलं भरलेलं वावर बघत होत्या.

"मास्तर, तुमच्या देवाचं भलं हुऊ द्या," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी योना झोपलेलाच राहिला, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. मंडळीने आपापल्या परीने उपाय करून पाहिले. एकीने ताट पाडलं. योनाला ऐकू येत नव्हतं. एकाने त्याच्या पायाला दोरी बांधून हळूच ओढली. योनाने डोळे उघडले, दोरी चाटली आणि पुन्हा मान टाकली. शेवटी पंचांची बैठक बसली.

"मी स्पष्टच बोलतो," प्रभुदास मास्तर म्हणाले. "कुत्रा म्हातारा झाला. त्याला घरी राहू द्या आणि एखादा तरणा कुत्रा आणून त्याच्याकडून हे काम करवून घ्या."

पाळकसाहेबांचा आवाज व्यासपीठावरसुद्धा कधी चढत नसे. तो त्या दिवशी चढला.

"मास्तर, माझ्या उपदेशाला ऊन-पाऊस न म्हणता हजर राहिलेला, एकदाही तंबाखू थुंकायला बाहेर न गेलेला मंडळीत हा एकटा आहे. तो म्हातारा झाला म्हणून मी त्याला काढू? उद्या मी म्हातारा झालो म्हणजे?"

"तुम्ही झालाच आहात," मास्तर म्हणाले, "पण तुम्ही निदान जागे असता."

मास्तर मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा कांदा सुकत होता. ते गोरक्षच्या मोटारीत बसून नगरला गेले आणि वरिष्ठांच्या कानावर सगळं घालून आले. निरोप आला, की रेव्हरंड आढावसाहेब येत्या रविवारी स्वतः येतील, उपदेशही तेच करतील, आणि काय तो निकाल लावून दुपारच्या मोटारीने परत जातील.

निरोप ऐकून पाळकसाहेब ओसरीवर योनाच्या शेजारी बसले. "दीना, मागच्या वर्षी पाहुणे पाळक उपदेशाला आले होते, त्या रविवारी पायाला जखम झाली म्हणून त्याला घरात कोंडलं होतं, आठवतं? दार ओरबाडून ओरबाडून त्याने नखं फोडून घेतली आणि मग दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही. तेव्हा अंगात ताकद तरी होती. आता त्याची ती जागा गेली तर तो राहायचा नाही गं. मला हे झेपायचं नाही."

दीनाबाई जवळ येऊन बसल्या. त्यांनी योनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना एक युक्ती सुचली. कान गेले असले तरी योनाचं नाक शाबूत होतं. सुकटीचा वास आला की तो अजूनही मान वर करायचा. थोडी सुकट पदराला बांधून न्यायची, उपदेश पुरेसा झाला की गाठ सोडायची, योना उठेल, उपासना वेळेवर संपेल, आणि आढावसाहेबांना बोट ठेवायला जागा उरणार नाही. ही युक्ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. कोटाच्या खिशात सुकटीची पुडी ठेवताना पाळकसाहेबांनीही आपली युक्ती कोणाला सांगितली नाही. मालनबाईंनी चोळीत पुडी खोचली, तीही गुपचूप. त्या आठवड्यात नेवाशाच्या बाजारात सुकट मिळेनाशी झाली, आणि खैरवाडीचे लोक एकाएकी इतकी सुकट का खाऊ लागले हे विकणारीला कळेना.

रविवार उजाडला. उन्हाळ्याचे दिवस, देऊळ गच्च भरलेलं, आणि धूळ येते म्हणून खिडक्या लावलेल्या. आढावसाहेब उंच, गोरेले, इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातले गृहस्थ होते. आत पाऊल टाकताच त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"इथे जवळपास मासळीबाजार भरतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही साहेब," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी खिशावर हात दाबून धरला.

पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. आढावसाहेब व्यासपीठावर चढले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पवित्र शास्त्र उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि भरदार आवाजात म्हणाले, "प्रिय मंडळी!"

एवढ्यात इतक्या सगळ्या सुकटीचा वास योनाच्या नाकापर्यंत पोचला. त्याने डोळे उघडले. तो मागचे पाय सावरत उठला, अंग ताणलं आणि सगळ्या मंडळीकडे तोंड करून आ वासून जांभई दिली.

"आमेन!" पाळकसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. सगळी मंडळी एका झटक्यात उभी राहिली आणि शेवटचं गीत सुरू झालं. दुसऱ्या ओळीला काहींच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय, पण तोवर मागच्या रांगा रंगात आल्या होत्या, आणि सुरू झालेलं गीत मध्येच तोडणं बरं दिसत नाही. बाहेर गोरक्षने ती चाल ऐकली. भट्टी नुकती कुठे धरली होती, पण आज नगरचे साहेब आलेत, उशीर नको, म्हणून त्याने धापा टाकणारी मोटार तशीच दारासमोर आणून उभी केली. पो पो वाजलं. नगरला जाणारे उतारू बोचकी सावरत बाहेर धावले, मोटारीत चढले आणि मोटार गेली.

देवळात आढावसाहेब अजून त्या ओळीवर बोट ठेवून उभे होते.

"मंडळी परत कधी आत येणार?" त्यांनी विचारलं.

"येतील साहेब," पाळकसाहेब म्हणाले. "पुढच्या रविवारी."

आढावसाहेबांचा चेहरा लाल झाला. "आणि माझी मोटार?"

"ती उद्या."

मग आढावसाहेबांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. कुत्र्याने देवळात पाऊल टाकायचं नाही, आजपासून. आणि ज्या अर्थी आपल्याला इथे राहावंच लागतंय, त्या अर्थी आपण तयार करून आणलेला उपदेश संध्याकाळच्या उपासनेला होईल. प्रभुदास मास्तरांनी मान डोलावली. पाळकसाहेबांनीही डोलावली, पण दुपारी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

संध्याकाळी त्यांनी योनाला घरातल्या गोणपाटावर निजवलं, अंगावर आपला जुना कोट टाकला, दार मात्र लावलं नाही. ते त्यांच्याच्याने झालं नाही. पहिलं गीत चालू असताना त्यांनी दाराकडे पाहिलं, तर योना अंगण ओलांडून आला होता. देवळाची पायरी त्याला चढवेना. एरवी पाळकसाहेब त्याला उचलून आत घेत. आज कोणी घेतलं नाही, म्हणून त्याने उंबऱ्यावर नुसती हनुवटी टेकवली होती. पाळकसाहेबांना पुढचं गीत नीट म्हणता आलं नाही. शेजारी दीनाबाई नाक ओढत होत्या.

आढावसाहेबांच्या उपदेशाचा विषय होता धीर. त्यांनी ईयोबापासून सुरुवात केली. ईयोबाची गुरं गेली, घर गेलं, अंगावर फोड आले. मंडळी हळहळली. मग ईयोबाचे मित्र आले आणि बोलू लागले, आणि आढावसाहेबांनी त्यांचं सगळं बोलणं सविस्तर सांगितलं. कौलांवरचं ऊन उतरलं. गोठ्यांतून गाई हंबरू लागल्या. मालनबाईंनी कंदील लावला; रॉकेल थोडं होतं, म्हणून वात बारीक ठेवली. ईयोबाचे मित्र बोलतच होते.

मागच्या बाकावर प्रभुदास मास्तर चुळबुळत होते. पाटकऱ्याच्या हातापाया पडून त्यांनी बुडालेल्या पाळीच्या बदल्यात आजची दिवेलागणीची पाळी मागून घेतली होती. कांद्याची रोपं माना टाकून बसली होती. आज पाणी मिळालं नाही तर या सालचा कांदा हातचा गेला. त्यांनी एकदा खोकून पाहिलं. आढावसाहेबांना वाटलं, मंडळीचं हृदय हेलावलं. त्यांनी शेवटचा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर योनाची हनुवटी होती. त्यांनी आढावसाहेबांकडे पाहिलं. मग ते उठले, वाकून दारापाशी गेले आणि त्यांनी योनाच्या पोटाखाली हात घातले. कुत्रा म्हातारा असला तरी पाळकसाहेबांच्या दुधावर पोसलेला होता. मास्तर धापा टाकत त्याला छातीशी धरून मधल्या वाटेने चालू लागले. त्यांच्या काळ्या कोटाला सगळीकडे पांढरे केस चिकटले.

"मास्तर, तुमीच?" मालनबाई पुटपुटल्या.

"बाई, पाणी सुटलं असेल," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले. "सुकट आहे का कुणाकडे?"

देवळात सगळीकडे पदराच्या गाठी सुटल्या, खिसे उलटे झाले. पाळकसाहेबांनी आपली पुडी पुढे केली. मास्तरांनी योनाला व्यासपीठाच्या पायथ्याशी त्याच्या जागेवर हलकेच ठेवलं आणि चिमूटभर सुकट नाकापुढे धरली. योनाने डोळे उघडले. मास्तरांनी मागून कमरेला आधार दिला. योना उभा राहिला, अंग ताणलं, आणि कंदिलाच्या उजेडात बिनदाताची एक मोठी जांभई दिली.

मंडळी उभी राहिली.

आढावसाहेब मध्येच थांबले. त्यांनी योनाकडे पाहिलं, उभ्या मंडळीकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, आता ते गरजतील. पण त्यांनी चष्मा काढला, कपाळाचा घाम पुसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आमेन."

शेवटचं गीत त्या दिवशी जेवढं जोरात झालं तेवढं खैरवाडीत पूर्वी कधी झालं नव्हतं. मास्तर पहिल्या कडव्यालाच फावडं आणायला पळाले.

रात्री आढावसाहेब पाळकसाहेबांकडेच जेवायला बसले. दीनाबाईंनी दुसऱ्यांदा कालवण वाढलं तेव्हा ते ताटाकडे बघतच म्हणाले, "भिंगारदिवे, खरं सांगू का? मला थांबायचं होतं. शेवट सापडतच नव्हता."

"मला ठाऊक आहे साहेब," पाळकसाहेब म्हणाले. "मी मिसर देशापर्यंत गेलो होतो."

"नगरला मी असाच बोलत राहतो. तिथली मंडळी सभ्य, कोणी उठत नाही. आणि मग मला घरी जाऊन फार वाईट वाटतं." योना त्यांच्या पायांवर मान टाकून झोपला होता. आढावसाहेबांनी पाय हलवला नाही. "याचं एखादं पिल्लू आहे का हो कुठे?"

पिल्लू नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मोटारीत चढण्याआधी आढावसाहेबांनी पंचांना बोलावून सांगितलं, की योनाची जागा व्यासपीठाच्या पायथ्याशी आहे आणि तो आहे तोवर ती कोणी हलवायची नाही. ते ऐकून पाळकसाहेबांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दीनाबाई मात्र व्यवहारी. "आता तरी उपदेशाला शेवट जोडायला शिका," त्या रात्री म्हणाल्या. "योना काय जन्माला पुरणार आहे?"

"शिकेन," पाळकसाहेब योनाचे पाय चोळत म्हणाले. "इतक्यात नको."

तेव्हापासून रविवारी पायरीवरून योनाला उचलून आत नेण्याचं आणि वेळ झाली की उठवण्याचं काम प्रभुदास मास्तरांनी स्वतःकडे मागून घेतलं. त्यांच्या काळ्या कोटाला आता बारमाही सुकटीचा वास येतो, आणि त्यांची बायको त्यावरून कुरकुरते. योना त्यांच्या हातून खातो, कोटाला तोंड पुसतो आणि पुन्हा निजतो. फक्त एक गोष्ट मंडळीच्या ध्यानात आली आहे आणि पाळकसाहेबांच्याही, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्या रविवारी मास्तरांच्या कांद्याला पाण्याची पाळी असते, त्या रविवारी योना जरा लवकरच उठतो.